चीनमधला ‘दुसरा’ पक्ष : डेमोक्रॅटिक लीगचा इतिहास आणि तिची घडण

चीनमध्ये एकच राजकीय पक्ष आहे, असे आपण सहज म्हणून जातो, आणि सत्ता कोणाच्या हाती आहे एवढाच प्रश्न असेल तर त्या म्हणण्यात काही चूकही नाही. परंतु कायद्याने मान्य असलेले पक्ष तिथे एक नव्हे, नऊ आहेत. कम्युनिस्ट पक्ष सोडला तर उरलेल्या आठांना तिकडे ‘लोकशाही पक्ष’ म्हणतात. त्यांची देशभर कार्यालये आहेत, दर पाच वर्षांनी अधिवेशने भरतात, अध्यक्ष आणि उपाध्यक्ष निवडले जातात. मात्र यांतला एकही पक्ष कम्युनिस्ट पक्षाच्या विरोधात उभा राहत नाही किंवा सत्ता मागत नाही. या आठांमध्ये सभासदसंख्येने सर्वांत मोठा पक्ष म्हणजे ‘चायना डेमोक्रॅटिक लीग’. चिनी भाषेत तिचे संक्षिप्त नाव ‘मिनमंग’ असे आहे. तिचे सभासद तीन लाखांहून अधिक आहेत. कम्युनिस्ट पक्षाची सभासदसंख्या दहा कोटींच्या घरात आहे, हे लक्षात घेतले की या ‘सर्वांत मोठ्या’ लहान पक्षाचे आकारमान कळते.

‘पक्ष’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे निवडणूक चिन्ह, जाहीरनामा, उमेदवारी, बहुमत आणि विरोधी बाक येतात. यांतले काहीच लीगला लागू पडत नाही, म्हणून बाहेरचे बहुतेक लोक तिला दिखाऊ ठरवून पुढे जातात. खुद्द चीनमध्येही अशा पक्षांना ‘फुलदाणी’ म्हणण्याची जुनी पद्धत आहे. मला हे उत्तर अपुरे वाटते. लीग जन्माला आली तेव्हा ती अशी नव्हती. दोन सशस्त्र पक्षांच्या मधे उभे राहून देशाला यादवी युद्धापासून वाचवायचे, हे तिचे ध्येय होते, आणि त्यासाठी तिच्या माणसांनी प्राणही दिले. तेव्हा ती आज जशी आहे तशी का झाली, हा खरा प्रश्न आहे. कोणताही पक्ष समजून घेताना त्याच्या घोषणांपेक्षा दोन साध्या गोष्टी विचाराव्यात : सभासद कोणाला होता येते, आणि पक्ष चालवायला पैसा कुठून येतो. लीगच्या बाबतीत या दोन्ही प्रश्नांची उत्तरे काळाबरोबर बदलत गेली.

सुरुवात जपानविरुद्धच्या युद्धात झाली. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकातून ज्या युद्धासाठी चीनला गेले, तेच हे युद्ध. जपानी सैन्याने पूर्वेकडची मोठी शहरे घेतल्यावर चँग कै शेक यांच्या क्वोमिंतांग (राष्ट्रवादी पक्ष) सरकारने राजधानी पश्चिमेला, सिच्वान प्रांताच्या डोंगराळ भागातल्या चोंगचिंग शहरात हलवली होती. क्वोमिंतांग आणि कम्युनिस्ट यांनी जपानविरुद्ध एकत्र लढायचे मान्य केले होते, पण ही युती वरवरची होती. जानेवारी १९४१ मध्ये आनह्वेई प्रांताच्या दक्षिण भागात सरकारी फौजांनी कम्युनिस्टांच्या ‘नव्या चौथ्या सैन्या’ची एक मोठी तुकडी घेरली आणि तिच्यातले हजारो सैनिक मारले किंवा पकडले. परकीय आक्रमण चालू असतानाच घरातले युद्ध पेटणार, अशी भीती त्यामुळे पसरली, आणि या भीतीपोटीच लीगचा जन्म झाला.

१९ मार्च १९४१ रोजी चोंगचिंगमधल्या ‘तयुआन’ नावाच्या घरात काही माणसे गुप्तपणे जमली. श्येन यिंग या सिच्वानी गृहस्थांचे ते घर होते, आणि सरकारवर नाराज असलेल्या राजकीय मंडळींना तिथे कायम थारा मिळे. तिथे स्थापन झालेल्या संघटनेचे पहिले नाव लांबलचक होते; त्याचा अर्थ ‘चीनमधील लोकशाही राजकीय गटांची लीग’ असा होता. म्हणजे ती व्यक्तींची नव्हे, तर गटांची आघाडी होती. तिच्यात सामील झालेल्या गटांना पुढे ‘तीन पक्ष आणि तीन मंडळे’ म्हणू लागले. तीन पक्ष म्हणजे युथ पार्टी, झांग जुनमाइ यांचा नॅशनल सोशालिस्ट पक्ष आणि झांग बोजुन यांचा ‘तिसरा पक्ष’. तीन मंडळे म्हणजे ह्वांग यानपेइ यांची व्यवसायशिक्षण चळवळ, ल्यांग शूमिंग यांची ग्रामपुनर्रचना चळवळ आणि वकील शेन जुनरू यांची राष्ट्रीय मुक्ती संघटना. ही शेवटची १९४२ मध्ये आली. यांतल्या काहींना समाजवाद हवा होता, काही कडवे राष्ट्रवादी होते, तर काहींचा जीव फक्त शाळा आणि खेडी यांत होता. एकाकडेही सैन्य नव्हते, आणि त्या काळच्या चीनमध्ये ज्याच्यापाशी सैन्य नाही त्याला राजकारणात बसायला जागा नव्हती. लीगची पुढची सारी कहाणी या एका उणिवेभोवती फिरते.

पहिले अध्यक्ष ह्वांग यानपेइ काही महिन्यांतच बाजूला झाले आणि त्यांच्या जागी झांग लान आले. १८७२ मध्ये जन्मलेले हे सिच्वानी शिक्षणतज्ज्ञ लांब पांढरी दाढी राखत आणि जुन्या पद्धतीचा पायघोळ झगा घालत. चोंगचिंगमध्ये वर्तमानपत्रांवर सरकारची कडक नजर असल्यामुळे ल्यांग शूमिंग हाँगकाँगला गेले, तिथे त्यांनी सप्टेंबर १९४१ मध्ये ‘ग्वांगमिंग पाव’ हे पत्र सुरू केले आणि १० ऑक्टोबरला त्यातून लीगची स्थापना जगजाहीर केली. दोन महिन्यांतच जपानने हाँगकाँगवर हल्ला केला आणि पत्र बंद पडले.

सप्टेंबर १९४४ मध्ये लीगने नावातून ‘राजकीय गटांची’ हे शब्द गाळले आणि कोणत्याही गटात नसलेल्या माणसालाही सभासद होण्याची मुभा दिली. कागदावर किरकोळ दिसणाऱ्या या दुरुस्तीमुळे विद्यापीठांतले शेकडो प्राध्यापक, लेखक आणि पत्रकार आत आले आणि लीगचा चेहराच बदलला. ते का आले, हे समजण्यासाठी कुनमिंग शहराकडे पाहावे लागते. पेकिंग, छिंगह्वा आणि नानकाइ या तीन विद्यापीठांनी युद्धकाळात तिथे एकत्र संसार मांडला होता. चलनवाढ इतकी भयंकर होती की प्राध्यापकाच्या पगारात महिनाभर घर चालत नसे. अमेरिकेत चित्रकला शिकलेले कवी आणि प्राचीन चिनी साहित्याचे जाणकार वेन यिदुओ वर्गातले व्याख्यान संपले की घरी बसून गिऱ्हाइकांचे नावाचे शिक्के कोरून देत. चीनमध्ये सहीऐवजी दगडी शिक्का उमटवण्याची रीत आहे, आणि या कामाचे पैसे मिळत. आठ तोंडे असलेले त्यांचे कुटुंब या कोरीव कामावर तगले. राजकारणापासून दूर राहणारा हा माणूस १९४४ मध्ये लीगचा सभासद झाला. आपली विद्वत्ता आणि आपली उपासमार एकाच सरकारच्या राज्यात एका घरात नांदते आहे, हे त्या पिढीने अंगावर सोसले होते. लीगची खरी ताकद त्या अनुभवातून आली.

युद्ध संपल्यावर ऑक्टोबर १९४५ मध्ये लीगने चोंगचिंगला अधिवेशन भरवून आपली भूमिका मांडली. इंग्लंड-अमेरिकेकडून राजकीय लोकशाही घ्यावी, सोव्हिएत रशियाकडून आर्थिक समतेचा विचार घ्यावा आणि पहिलीला दुसऱ्याची जोड द्यावी, असा तिचा सारांश होता. ही भूमिका घडवण्यात लुओ लोंगजी यांचा मोठा वाटा होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर ज्या कोलंबिया विद्यापीठात आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकले, त्याच दोन संस्थांमध्ये लुओ यांनी राज्यशास्त्राचा अभ्यास केला होता, आणि १९२९ पासूनच ते क्वोमिंतांगच्या एकपक्षीय राजवटीवर मानवी हक्कांच्या बाजूने लिहीत होते.

जानेवारी १९४६ मध्ये लीगच्या वाट्याला तिचा सर्वांत मोठा क्षण आला. अमेरिकेचे जनरल मार्शल यांच्या मध्यस्थीने शस्त्रसंधी झाली होती आणि चोंगचिंगमध्ये सर्व पक्षांची राजकीय सल्लामसलत परिषद भरली. एकूण ३८ प्रतिनिधींपैकी क्वोमिंतांगचे ८, कम्युनिस्टांचे ७, युथ पार्टीचे ५, लीगचे ९ आणि अपक्ष ९ होते. हे आकडे नीट पाहिले तर एक गोष्ट ध्यानात येते. युथ पार्टी मुळात लीगचीच घटक होती. क्वोमिंतांगने तिला स्वतंत्र जागा देऊ केल्या आणि ती लीगमधून फुटली. उरलेल्या लीगला नऊ जागा मिळाव्यात म्हणून कम्युनिस्टांनी स्वतःच्या जागा कमी करून घेतल्या. दोन मोठे पक्ष या लहान मंडळींना आपापल्या बाजूने ओढत होते, आणि मधे उभे राहण्याची जागा दिवसेंदिवस अरुंद होत होती. तरीही त्या परिषदेने संयुक्त सरकार, संसदीय राज्यघटना आणि सैन्यांचे एकीकरण यांवर ठराव केले. त्या वर्षाच्या मध्यापर्यंत लढाई पुन्हा पेटली आणि ते ठराव कागदावरच राहिले.

११ जुलै १९४६ च्या रात्री कुनमिंगमध्ये लीगचे नेते ली गोंगपू यांच्यावर गोळी झाडण्यात आली आणि पहाटे त्यांचे निधन झाले. १५ जुलैला युन्नान विद्यापीठात त्यांची शोकसभा झाली. ली यांच्या पत्नी बोलता बोलता रडू कोसळून थांबल्या, सभेत घुसलेले गुप्त पोलिसांचे हस्तक गोंधळ घालत होते, आणि बोलण्याचे आधी न ठरलेले वेन यिदुओ व्यासपीठावर उभे राहिले. दारातून एक पाऊल बाहेर टाकताना दुसरे पाऊल पुन्हा आत येईल अशी आशा आम्ही धरत नाही, असे त्यांनी शेवटी सांगितले. त्याच दिवशी दुपारी ते लीगच्या साप्ताहिकाच्या कचेरीतून घरी निघाले. काळजीपोटी थोरला मुलगा त्यांना न्यायला आला होता. घर काही पावलांवर असताना मारेकऱ्यांनी गोळ्या झाडल्या. वडील जागीच गेले, त्यांना आपल्या अंगाने झाकू पाहणारा मुलगा गंभीर जखमी होऊन वाचला. लीगच्या इतिहासात याहून निर्णायक घटना मला दुसरी दिसत नाही. मध्यम मार्गावर चालणाऱ्या सुशिक्षितांना सरकार जगू देणार नाही, ही समजूत त्या आठवड्यात पक्की झाली, आणि यानंतर लीगमधले अनेक जण मनाने कम्युनिस्टांच्या बाजूला सरकले.

ल्यांग शूमिंग तेव्हा लीगचे सरचिटणीस होते. खुनांची चौकशी करायला ते कुनमिंगला गेले, परत येऊन शांततेच्या वाटाघाटींत पुन्हा पडले. ऑक्टोबरमध्ये सरकारी फौजांनी कम्युनिस्टांकडचे झांगज्याको शहर घेतल्याची बातमी आली, तेव्हा झोपेतून उठून पाहतो तर शांतता मेलेली आहे, असे ते पत्रकारांना म्हणाले. अखेरचा प्रयत्न म्हणून त्यांनी तडजोडीचा एक मसुदा तयार करून दोन्ही बाजूंना पाठवला. तो कम्युनिस्टांना विचारून केलेला नव्हता. तो पाहून कम्युनिस्टांच्या वतीने वाटाघाटी करणारे चाऊ एन लाय इतके दुखावले की मसुदा परत घ्यावा लागला. ल्यांग यांनी यानंतर लीगचे काम सोडले. मध्यस्थाला दोन्ही बाजूंचा विश्वास लागतो, आणि तो विश्वास टिकवायचा तर स्वतःचे काही मत मांडता येत नाही, अशा पेचात हा सरळ माणूस सापडला होता.

नोव्हेंबर १९४६ मध्ये क्वोमिंतांगने एकतर्फी राष्ट्रीय सभा बोलावली. लीगने बहिष्कार टाकला. झांग जुनमाइ यांचा पक्ष मात्र सभेला गेला आणि त्यामुळे लीगमधून बाहेर पडला. अशा रीतीने तीन मूळ पक्षांपैकी दोन गेले. पुढे ते दोघेही क्वोमिंतांगबरोबर तैवानला गेले. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी सरकारने लीगला बेकायदा ठरवले. सभासदांची धरपकड टाळण्यासाठी वृद्ध झांग लान यांनी ६ नोव्हेंबरला मुख्यालय विसर्जित झाल्याचे जाहीर केले. पण हाँगकाँगला निसटलेल्या शेन जुनरू आणि झांग बोजुन यांनी जानेवारी १९४८ मध्ये तिथे बैठक भरवून हे विसर्जन अमान्य केले, क्वोमिंतांग राजवट उलथून टाकण्याचे आणि कम्युनिस्ट पक्षाशी सहकार्य करण्याचे धोरण उघडपणे स्वीकारले. तटस्थतेचा हा अधिकृत शेवट होता. लीग कम्युनिस्टांनी गिळली असे म्हणतात, त्यात घटनांचा क्रम हरवतो : आधी एका बाजूने तिला गोळ्या घातल्या आणि बंदी घातली, आणि नंतर ती दुसऱ्या बाजूला गेली.

१ ऑक्टोबर १९४९ रोजी तिआनआनमनच्या सज्जात माओंबरोबर उभ्या असलेल्या माणसांत झांग लान यांची पांढरी दाढी ठळक दिसते. नव्या केंद्रीय सरकारच्या सहा उपाध्यक्षांपैकी तिघे कम्युनिस्ट पक्षाबाहेरचे होते : सुंग छिंगलिंग, ली जीशेन आणि झांग लान. शेन जुनरू सर्वोच्च न्यायालयाचे प्रमुख झाले, वकील शी ल्यांग न्यायमंत्री झाल्या, झांग बोजुन वाहतूकमंत्री झाले, आणि पुढे लुओ लोंगजी यांच्याकडे वनोद्योग खाते आले. ह्वांग यानपेइ उपपंतप्रधान झाले. ही पदे नावापुरती नव्हती. परंतु त्याच हिवाळ्यात लहान पक्षांची रचना नव्याने ठरली. काही संघटना एकमेकींत विलीन झाल्या, शेन जुनरू यांची मुक्ती संघटना विसर्जित झाली, अकरांचे आठ झाले, आणि सभासद कोणत्या थरातून घ्यायचे याची प्रत्येकाला हद्द आखून देण्यात आली. लीगच्या वाट्याला शिक्षण आणि संस्कृती क्षेत्रातले मध्यम व उच्च श्रेणीचे बुद्धिजीवी आले. शेतकरी, कामगार आणि सैनिक यांच्यात पक्षवाढ करण्याचा मार्ग बंद झाला. माझ्या मते पक्षाचे स्वरूप ठरले ते इथे. ज्या पक्षाला फक्त प्राध्यापकच सभासद करता येतात, तो कितीही वाढला तरी बहुमताचा दावा करू शकत नाही.

१९५६ मध्ये माओंनी लहान पक्षांसाठी ‘दीर्घकाळ सहअस्तित्व आणि परस्परांवर देखरेख’ हे सूत्र दिले. पुढच्या वसंत ऋतूत कम्युनिस्ट पक्षाने स्वतःहून टीका मागवली. मे १९५७ मध्ये संयुक्त आघाडी विभागाने, म्हणजे पक्षाबाहेरच्या मंडळींशी संबंध ठेवणाऱ्या कम्युनिस्ट पक्षाच्या खात्याने, बोलावलेल्या बैठकांत झांग बोजुन यांनी ‘राजकीय आराखडा संस्थे’ची कल्पना मांडली. त्यांचे म्हणणे सोपे होते : इमारत बांधण्याआधी जसे नकाशे तज्ज्ञांपुढे ठेवतात, तसे मोठे राजकीय निर्णय आधी संसद, सल्लागार परिषद, लोकशाही पक्ष आणि जनसंघटना यांच्यापुढे चर्चेला यावेत. लुओ लोंगजी यांनी मागच्या मोहिमांत अन्याय झालेल्यांची प्रकरणे तपासायला स्वतंत्र समिती मागितली. १ जूनला ‘ग्वांगमिंग दैनिका’चे संपादक छू आनपिंग यांनी, सारा देश म्हणजे एका पक्षाची मालमत्ता ही धारणाच कटुतेचे मूळ आहे, असे स्पष्ट सांगितले. आज वाचताना या सूचना किती मोजक्या आणि सभ्य वाटतात! कोणीही सत्ता मागितली नव्हती.

८ जूनला ‘पीपल्स डेली’ने अग्रलेखातून दिशा बदलली आणि १ जुलैच्या अग्रलेखात माओंनी ‘झांग-लुओ युती’ला कटाचे सूत्रधार ठरवले. झांग बोजुन आणि लुओ लोंगजी यांचे एकमेकांशी वर्षानुवर्षे पटत नव्हते, हे लीगमध्ये सर्वांना ठाऊक होते, तरीही त्यांची युती ठरली. यातून सुरू झालेल्या ‘उजव्यां’विरुद्धच्या मोहिमेत देशभरात साडेपाच लाखांहून अधिक माणसांवर ‘उजवे’, म्हणजे समाजवादाचे विरोधक, असा शिक्का बसला, आणि लीग बुद्धिजीवींचा पक्ष असल्यामुळे तिच्यावर घाव खोल पडला. निषेधाच्या सभा लीगच्याच कार्यालयांत भरत, आणि आरोप करणारेही बहुधा लीगचेच सहकारी असत. जानेवारी १९५८ मध्ये दोघांचीही मंत्रिपदे गेली. लुओ १९६५ मध्ये वारले, झांग १९६९ मध्ये. छू आनपिंग १९६६ मध्ये बेपत्ता झाले आणि पुन्हा कधी सापडले नाहीत. त्याआधी १९५३ मध्ये शेतकऱ्यांची बाजू घेतल्याबद्दल ल्यांग शूमिंग यांना माओंचा जाहीर रोष पत्करावा लागला होता. लीगपासून दूर असल्यामुळे १९५७ च्या वादळातून ते वाचले.

जुन्या विचारांविरुद्ध माओंनी छेडलेल्या सांस्कृतिक क्रांतीचा पहिला वारही लीगच्या एका नेत्यावरच झाला. मिंग राजवटीचे इतिहासकार वू हान हे लीगचे बीजिंगमधले प्रमुख आणि शहराचे उपमहापौर होते. सम्राटाला खरे सुनावणाऱ्या हाइ रुइ या अधिकाऱ्यावर त्यांनी नाटक लिहिले होते. नोव्हेंबर १९६५ मध्ये शांघायच्या एका दैनिकात त्या नाटकावर हल्ला करणारा लेख आला आणि तिथून मोहीम सुरू झाली. वू हान १९६९ मध्ये तुरुंगात वारले. १९५७ मध्ये लुओ यांच्यावर तुटून पडणाऱ्यांत वू हान पुढे होते, ही गोष्ट विसरता येत नाही आणि तिचा उल्लेख करताना समाधानही वाटत नाही. ऑगस्ट १९६६ मध्ये रेड गार्ड्स या माओसमर्थक तरुणांच्या जथ्यांनी लोकशाही पक्षांना ७२ तासांत विसर्जित होण्याचा इशारा दिला, कार्यालयांना कुलपे लागली, आणि दहाहून अधिक वर्षे लीग व्यवहारात नव्हतीच.

ऑक्टोबर १९७९ मध्ये अधिवेशन भरले तेव्हा शी ल्यांग अध्यक्ष झाल्या. जवळजवळ सर्व ‘उजव्यां’चे शिक्के याच सुमारास पुसले गेले, पण राष्ट्रीय पातळीवरच्या पाच जणांचे पुसले गेले नाहीत, आणि त्यांत झांग बोजुन, लुओ लोंगजी व छू आनपिंग आहेत. मोहिमेचा अतिरेक झाला, मात्र मोहीम मुळात चुकीची नव्हती, असा अधिकृत निवाडा असल्यामुळे काही नावे दोषी राहणे भाग होते.

१९८७ ते १९९६ या काळात समाजशास्त्रज्ञ फेइ श्याओतोंग अध्यक्ष होते, आणि नव्या लीगचा साचा त्यांच्यामुळे ठरला. त्यांनी यांगत्सेच्या मुखाजवळच्या एका रेशीम पिकवणाऱ्या खेड्याचा अभ्यास करून लंडनमध्ये डॉक्टरेट मिळवली होती. १९५७ मध्ये त्यांनाही ‘उजवे’ ठरवून वीसेक वर्षे गप्प बसवले होते. परतल्यावर त्यांनी राजकीय मागण्यांचा रस्ता धरला नाही. ते खेड्यापाड्यांत आणि लहान गावांत फिरले, शेतीतून मोकळ्या झालेल्या माणसांना गावाजवळच्या कारखान्यांत काम कसे मिळते ते टिपले, आणि लीगच्या नावाने पीत नदीच्या वरच्या खोऱ्यासाठी व यांगत्सेच्या त्रिभुज प्रदेशासाठी विकासाच्या योजना केंद्राला दिल्या. पाहणी करायची, अहवाल लिहायचा, तो वर पाठवायचा, ही लीगची आजची कार्यपद्धती त्यांचीच आहे. तिला नुसती शरणागती म्हणणे अन्यायाचे होईल. त्या माणसाला खेड्यातल्या गरिबीबद्दल मनापासून कळकळ होती आणि तिचे काही होईल असा हाच एक रस्ता उघडा होता. पण १९५७ मध्ये झांग बोजुन यांनी निर्णय होण्याआधी आराखडे पाहण्याचा हक्क मागितला होता, आणि १९८७ नंतरच्या लीगपाशी सल्ला देण्याची संधी होती, हा फरकही तितकाच खरा आहे.

डिसेंबर १९८९ मध्ये कम्युनिस्ट पक्षाच्या एका दस्तऐवजाने लहान पक्षांना ‘राज्यकारभारात सहभागी पक्ष’ अशी संज्ञा दिली. विरोधी पक्ष नव्हे आणि सत्ताधारीही नव्हे, असे हे तिसरे स्थान आहे. मार्च १९९३ मध्ये राज्यघटनेच्या उद्देशिकेत, कम्युनिस्ट पक्षाच्या नेतृत्वाखालील बहुपक्षीय सहकार्य दीर्घकाळ टिकेल, असे वाक्य घातले गेले. लीगची स्वतःची घटनाही हे नेतृत्व मान्य करते.

समजा एखाद्या प्रांतिक शहरातल्या विद्यापीठात एक प्राध्यापिका लीगमध्ये येऊ इच्छिते. तिला अर्ज करावा लागतो, दोन सभासदांची शिफारस लागते, स्थानिक शाखा तिची माहिती घेते आणि वरची समिती मंजुरी देते. व्यवहारात कम्युनिस्ट पक्षाच्या संबंधित समितीचे मतही विचारले जाते. तिने नुसते सुशिक्षित असून भागत नाही. आपल्या क्षेत्रात तिचे काही नाव असावे अशी अपेक्षा असते. म्हणूनच लीगमध्ये निम्म्याच्या आसपास माणसे शिक्षणक्षेत्रातली आहेत आणि ती मोठ्या व मध्यम शहरांतच पसरली आहे. तळाशी शाखा, मग जिल्हा किंवा शहर समिती, मग प्रांत समिती आणि वर केंद्रीय समिती अशी उतरंड आहे. ३० प्रांत व तत्सम विभागांत तिची समिती आहे, तिबेटमध्ये नाही. कम्युनिस्ट पक्षाचा सभासद असूनही लीगमध्ये असणे अशक्य नाही. उलट जुन्या काळी हू युझी आणि छू तूनान यांसारखे लीगचे नेते अनेक वर्षे गुप्तपणे कम्युनिस्ट होते.

आता पैशाचे. मुख्यालय, प्रांतांची कार्यालये आणि तिथल्या कर्मचाऱ्यांचे पगार यांचा खर्च सरकारी तिजोरीतून होतो. १ जानेवारी २००६ पासून लागू झालेल्या सनदी सेवक कायद्यानुसार हे कर्मचारी सरकारी नोकरांतच मोडतात. १९४१ ची लीग श्येन यिंग यांच्या घरात आणि सभासदांच्या खिशातून चालत होती, हे आठवले की अंतर किती पडले ते दिसते.

लीगचे काम मुख्यतः राजकीय सल्लागार परिषदेतून चालते. दर मार्चमध्ये बीजिंगला संसदेबरोबर या परिषदेचे अधिवेशन भरते आणि लोकशाही पक्षांना तिथे आपापल्या नावाने जागा असतात. लीग तिथे लेखी प्रस्ताव मांडते, बहुधा शाळा, विद्यापीठे, संशोधन आणि ग्रामीण शिक्षण यांबद्दलचे. मोठ्या निर्णयांआधी कम्युनिस्ट नेतृत्व लहान पक्षांच्या प्रमुखांना बोलावून मत ऐकते. लीगच्या अध्यक्षांना प्रथेप्रमाणे संसदेच्या स्थायी समितीचे उपाध्यक्षपद मिळते. गणिती दिंग शिसुन आणि सध्याचे अध्यक्ष, भूवैज्ञानिक दिंग झोंगली, दोघेही या पदावर बसले. २०१६ ते २०२० दरम्यान दारिद्र्य निर्मूलनाच्या मोहिमेवर देखरेख ठेवण्यासाठी आठ पक्षांना एकेक प्रांत वाटून दिला होता, त्यात लीगच्या वाट्याला हेनान आला. सभासद तिथल्या गावांत जाऊन यादीतली कुटुंबे खरोखर गरीब आहेत का आणि मदत पोहोचते का हे तपासत आणि त्रुटी प्रांताच्या अधिकाऱ्यांना कळवत. या अहवालांमुळे एखाद्या तालुक्यातली चूक दुरुस्त होऊ शकते. धोरण मात्र त्यांच्या मताने ठरत नाही, आणि मत मान्य झाले नाही तर लोकांपुढे जाऊन वेगळी बाजू मांडण्याची सोय या रचनेत नाही.

चोंगचिंगमधल्या तयुआनच्या जागी २०११ मध्ये लोकशाही पक्षांच्या इतिहासाचे सरकारी संग्रहालय उघडले. १९४१ मध्ये गुप्त पोलिसांना सुगावा लागू नये म्हणून माणसे जिथे एकेक करून येत असत, तिथे आता आठही पक्षांची दालने आहेत.